मागची खोली रिकामी आहे

मंगळवार, ४ जून १९३५

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. वेळ नेमकी लिहिते, कारण त्या क्षणी मी चहाची किटली घेऊन घड्याळाखालीच उभी होते, आणि एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत घंटा देण्यात गेल्यामुळे घड्याळ पाहिल्याशिवाय मला रागसुद्धा येत नाही.

पट्टी कचेरीचा कारकून खंडेराव दारात उभा. बरोबर टेप धरणारा शिपाई. वहाणा बाहेर काढल्या, नमस्कार केला, तेवढी रीत पाळली. याची धाकटी बहीण माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकली.

"बाई, नवी आकारणी आहे. सगळी घरं मोजतोय."

"मोजा. घर गेल्या वर्षापेक्षा वाढलं असेल तर मला कळवा. मी तरी वाढवलेलं नाही."

दोन खोल्या, पडवी, आणि परसात पत्र्याची मागची खोली. माझे वडील भिका साळवे यांनी इगतपुरीला रेल्वेचे सांधे बदलता बदलता जमवलेल्या पैशांतून हे उभे केले. त्याच पैशांतून मला कॉन्व्हेंटात घातले. घर बांधताना त्यांना माहीत नव्हते की ते एक दिवस सरकारी दृष्टीने मौल्यवान ठरेल. आजवर घरपट्टी अकरा रुपये होती, आता सोळा. पाणीपट्टी निराळी, सफाईपट्टी निराळी. माझे पेन्शन बेचाळीस रुपये. एकोणतीस साली बेचाळीस होते, आजही बेचाळीस आहे. दरम्यान साखरेवर कर बसला, आगपेटीवर बसला, पोस्टकार्डाचे दोन पैशांवरून तीन पैसे झाले. पेन्शन हे तेवढे एकच आहे ज्याच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

एक सूट मात्र असते. घरातली एखादी खोली रिकामी असेल तर तिची पट्टी माफ होते, मालकाने तसे सही करून द्यायचे. मी तीन वर्षे लिहून देत आले, "मागची खोली भाड्याने दिलेली नाही." हे अक्षरशः खरे आहे. तिथे अमिना राहते, परंतु तिच्याकडून मी एक पैही घेतलेली नाही. बांगड्या विकणारी विधवा बाई, घरमालकाची भिंत पडली म्हणून चार दिवसांसाठी आली आणि राहिली. नळावरून पाणी आणते, बाजारहाट करते, बस्स.

यंदा छापील कागदच बदललेला. "कोणी राहते काय?" असा स्वच्छ रकाना. खंडेराव मागच्या खोलीत डोकावला. चटई, चूल, कोपऱ्यात पेटी, आणि खुंटीवर दोरीत ओवलेल्या बांगड्यांचे झुबके.

"ही बांगड्यांची पेटी?"

"माझी."

त्याने माझ्या हातांकडे पाहिले. माझ्या डाव्या मनगटावर घड्याळ असते, उजव्यावर काही नसते. त्याने लेखणी दौतीत बुडवली. एवढ्यात अमिना कमरेवर कळशी घेऊन परसात आली.

"आणि ह्या?"

"पाणी भरायला येते. राहते भद्रकालीत. इथं कोणी राहत नाही."

अमिनाने कळशी खाली ठेवली, पदर डोक्यावर सारखा केला आणि पुढच्या दाराने रस्त्यावर निघून गेली. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. शहाणी बाई आहे, सांगावे लागले नाही.

सही केली. सूट कायम. वर्षाचे चार रुपये वाचले.

कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बर्नाडेटने आम्हा मुलींना रोज वहीत चार रकाने भरायला लावले होते, ती सवय सुटली नाही. विचार: क्रोध, परंतु सकारण. शब्द: मोजके. कृती: सही. राहून गेलेले: काही नाही.

बुधवार, ५ जून

अमिना काल दहाच्या सुमारास परत आली. काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. रोजच्यासारखी माझी भाकरी टाकून ती बाजारात गेली.

बायबलात शिष्य आपल्या प्रभूला नाकारतो तेव्हा कोंबडा आरवतो. आमच्या गल्लीत कोणी कोंबड्या पाळत नाही.

हे वाक्य का लिहिले कळत नाही. खोडत नाही, कारण खाडाखोड केलेली वही मी मुलींकडूनही कधी घेतली नाही.

रविवार, ९ जून

प्रार्थनेहून आल्यावर काटकसरीचा आराखडा केला. दुपारचा चहा बंद. वर्तमानपत्र बंद, कारण त्यात नव्या करांखेरीज काही नसते. दिवा साडेआठला मालवायचा. घासलेटच्या बाटलीला, दवाखान्यात मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांचा कागद कापून चिकटवतात ना, तसा कागद चिकटवला. आठ खुणा. रोज एक खूण उतरली पाहिजे, अधिक नाही. आठवडाभर पुरून एक खूण उरली पाहिजे.

अमिना दारात उभी राहून पाहत होती. "बाई, बाटलीला औषध लावलं का?"

"तुलाही लावीन. वात खाली ठेवून जगायला शीक."

"माझी वात खालीच हाय बाई," म्हणाली आणि हसत गेली. हिला कधी राग येत नाही. मला अशा माणसांचा राग येतो.

सोमवार, १७ जून

आठवडा सरला आणि बाटलीत एक नव्हे, तीन खुणा शिल्लक! साखरेचा डबाही अपेक्षेहून भरलेला. शिस्त म्हणतात ती ही. कौन्सिलातल्या लोकांनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन महिनाभर राहावे, देशाचे अंदाजपत्रक सुधारेल.

अमिनाला बाटली दाखवली. तिने बराच वेळ कौतुकाने पाहिली. मग म्हणाली, पुढच्या महिन्यात बाजारातल्या ओट्याचा परवाना नवा करायचा आहे. बाजारात विक्रेत्यांसाठी दगडी ओटे बांधलेले आहेत, त्यांतला कोपऱ्यावरचा हिचा. सत्तावीस साली तिचा पहिला अर्ज मीच लिहून दिला होता. ओटा शहरात निदान वर्षभर राहणाऱ्यालाच मिळतो, म्हणून अर्जात माझ्या घराचा नंबर आणि "मागची खोली" असे झोकदार अक्षरात लिहिले होते. नंतर दर वर्षी कारकून जुना अर्ज पाहून शिक्का मारतो.

म्हटले, "मग मार म्हणावं शिक्का. मला काय सांगतेस?"

बुधवार, ३ जुलै

पाणीपट्टीचे बिल आले. नळाला पाणी पहाटे एक तास, आणि बिल मात्र चोवीस तासांचे. कचेरीला कडक पत्र लिहायला बसले होते. दुसरा परिच्छेद छान जमत होता, तेवढ्यात अमिना आली आणि दाराची कडी चाळवत उभी राहिली.

"बाई, एक चिठ्ठी पायजे होती तुमच्या हातची. सहीची."

"कसली चिठ्ठी?"

"ओट्याच्या कारकुनाला दावायला. तो म्हनतो, वहीत काय तरी..."

"अमिना, मी सध्या या लोकांशी भांडते आहे. माझी सही आता एका कागदावरून दुसऱ्या कागदावर फिरायला लागली तर माझ्याच गळ्याशी येईल. तुझं तू बघ. नऊ वर्षं ओटा चालवतेस, एका कारकुनाला उत्तर देता येत नाही?"

"आठ," ती म्हणाली. "नऊ वर्सं मी इथं हाय. ओटा आठ."

मग "काय नाय, लिवा तुमी" म्हणून गेली. दुसरा परिच्छेद काही केल्या पुन्हा जमला नाही.

राहून गेलेले: कसली चिठ्ठी ते पुरते विचारले नाही. उद्या विचारीन.

रविवार, १४ जुलै

विचारायचे राहिलेच.

अमिना हल्ली पहाटेच टोपली डोक्यावर घेऊन निघते आणि दिवे लागणीला येते. ओटा सोडून खेडोपाडी फिरण्याची ही नवी हौस. काल एकलहऱ्याला जाऊन आली, पायी. पाय सुजलेले. गरम पाण्यात मीठ घालून दिले आणि चार शब्दही दिले. "इतका लोभ बरा नव्हे. बसल्या जागी गिऱ्हाईक येतं ते सोडून उन्हातान्हात कशाला मरतेस?"

"खेड्यातल्या बाया बाजारात कुठं येतात बाई. आपनच जायाचं."

घासलेट आठवड्याला पुरले, पण उरले नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट

उद्या नागपंचमी. आज बाजारात बांगड्या भरायला बायकांची झुंबड, आणि आमची व्यापारी बाई टोपली घेऊन पुन्हा एकलहऱ्याच्या रस्त्याला! वर्षाची कमाई या चार दिवसांची, हे मला शाळामास्तरणीला कळते, तिला कळत नाही. मी बोलले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. नुसते पाहिले. मुली उत्तर येत असून हात वर करत नाहीत तेव्हा अशा बघतात.

बाटली सहाव्या दिवशी कोरडी. साखर संपली. माझी शिस्त तीच, वात तीच, घड्याळ तेच. मग कमी काय झाले?

शनिवार, २४ ऑगस्ट

लिहायचे नव्हते, परंतु वही याचसाठी आहे.

तीन आठवडे मी खुणा तपासते आहे. दर आठवड्याला दोन खुणांचा फरक. घरात माणसे दोन. मी चोरी करीत नाही. हा त्रैराशिकाचा हिशेबसुद्धा नव्हे, साधी वजाबाकी आहे.

संध्याकाळी अमिना आली तेव्हा बाटली टेबलावर ठेवली आणि विचारले, "हे कुठं जातं?"

तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. मी म्हटले, "पैशाची गरज होती तर मागायचं होतं. माझ्या बाटलीतून नेण्यापेक्षा तोंड उघडायचं होतं." शाळेत मी हा स्वर मुलींच्या आयांसमोर वापरत असे. तो अजून शाबूत आहे.

तिचे ओठ हलले. मला वाटले आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरे झाले असते. ती म्हणाली, "बाई, तुमचं कालवन झाकून ठेवलंय. मांजर येतंय," आणि मागच्या खोलीत गेली.

विचार: मी बरोबर आहे. मग दिवा अजून का मालवला नाही?

सोमवार, २६ ऑगस्ट

अमिनाने फडताळाची किल्ली आणून दिली. "आता तुमीच काढून देत जा." पाणी भरते, भाकरी टाकते, "हो" आणि "नाय" एवढेच बोलते. घर इतके शांत झाले आहे की घड्याळाचा त्रास होतो.

शनिवार, ७ सप्टेंबर

आज घासलेट आणायला स्वतः गेले, कारण अमिनाला मी बाजारहाट सांगत नाही आणि ती विचारत नाही. कोपऱ्यावर कादरचे दुकान आहे. नऊ वर्षांत मी तिथे पाचसहा वेळा गेले असेन.

"या या बाई! आज तुम्ही कशा? अमिनाभाभी आजारी?"

"ठणठणीत आहे. एक बाटली घासलेट. माप नीट धरा."

त्याने माप नीट धरले. मग भावाबद्दल मी दोन शब्द ऐकवले, त्यावर तो म्हणाला, "खरंय बाई. म्हणूनच भाभीनं पण बंद केलं."

"काय बंद केलं?"

"तुमची ती अर्धी बाटली. दर जुम्म्याला न्यायच्या नं स्वतःच्या पैशानं? अर्धी बाटली घासलेट, पावशेर साखर. जुलैपासून नाही नेत. ओटा गेल्यावर कुठून नेणार?"

मी म्हटले, "कोणासाठी न्यायची?"

कादर माझ्याकडे बघू लागला. माप हातात तसेच. "तुम्हाला ठाऊक नाही? मला म्हणायच्या, बाई भाडं घेत नाहीत, आन् देऊ केलं तर अंगावर येतील. तर मी त्यांच्या बाटलीत ओतते, त्या चर्चात गेल्या की. त्यांना वाटतं वात खाली ठेवल्यानं उरतं." तो हसला, आणि माझे तोंड पाहून थांबला. "चार वर्षं झाली बाई. मी समजत होतो तुम्हाला कळलं असंल."

"ओटा कसा गेला?"

"आता ते मी काय सांगू? कचेरीच्या वहीत तुमची मागची खोली रिकामी लिहिलीय म्हणे. खोलीत कुणी राहतच नाही, तर ही शहरात राहते कुठं? ओटेवाल्या कारकुनानं मालकाची चिठ्ठी आण म्हटलं. चिठ्ठी तर तुमच्याच हातची हवी होती."

बाटली घेऊन घरी आले. वाटेत कोणाशी बोलले नाही. घरी येऊन खुणांचा कागद ओल्या फडक्याने काढायला गेले, तो निघेना. मी चिकटवलेले काही निघत नाही. नखांनी खरवडून काढला.

मी चार रुपयांसाठी तिला नाकारले. प्रभूला विकताना यहूदाला चांदीची तीस नाणी तरी मिळाली होती. आणि वर, चार वर्षे तिच्या घासलेटावर जाळलेल्या दिव्याखाली बसून तिच्याच चोरीची नोंद केली.

रविवार, ८ सप्टेंबर

प्रार्थनेला गेले नाही. मी घराबाहेर पडले की काय व्हायचे ते आता कळल्यावर रविवारी बाहेर पडवत नाही. ती आता काही ओतत नाही, हे ठाऊक असूनही.

मंगळवार, १० सप्टेंबर

कचेरीत गेले. खंडेरावने खुर्ची दिली. सांगितले, वहीत दुरुस्ती करा, मागच्या खोलीत अमिना राहते.

तो शाईचा डाग टिपत बसला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं, बाई. झुबकेच्या झुबके बांगड्या मी पाहिल्या होत्या."

"मग लिहिलंत का नाही?"

"तुम्ही 'माझी' म्हणालात. माझ्या बहिणीला अक्षर तुम्ही शिकवलं. तुमच्या तोंडावर तुम्हाला खोटं म्हणू?"

"म्हणायला हवं होतं."

"तुमच्या शाळेत कुणी म्हणालं असतं?"

नाही. सगळ्या मला घाबरायच्या, आणि मी त्याला आदर समजायचे. या माणसाने माझा मान ठेवला, मी माझे चार रुपये ठेवले, आणि दोघांनी मिळून तिचा ओटा उचलून दिला.

त्याने आवाज खाली आणला. "एक करा. आजपासून राहायला आली असं लिहून द्या. सूट फक्त पुढली बंद होईल. मागलं कोणी उकरणार नाही."

"आणि ओटा?"

"ओट्याला वर्षाची वस्ती लागते. तो नाही मिळणार. तो कोपऱ्यावरचा ओटा अजून रिकामाच आहे, पण नवरात्राच्या पहिल्या दिवशी, अठ्ठावीस तारखेला, वाटून टाकतील. कालिकेची यात्रा असते ना. ज्याचे कागद पुरे त्याला. तिला द्यायचा तर खरी तारीख लिहावी लागेल. मग तीन वर्षांची सूट परत, वर दंड. आणि खोटं लिहून दिलं म्हणून साहेबांनी खटला भरायचं ठरवलं तर माझ्या हातात काही नाही. बाई, तुमचं नाव आहे या गावात."

आहे. तेच तर.

शनिवार, १४ सप्टेंबर

चार दिवस लिहिले नाही, केलेही नाही.

स्वतःशी कबूल करते: मी घाबरले आहे. दंडाला नव्हे, दंड मी दिवा विझवून भरीन. खटला झाला तर माझ्या जुन्या मुली, ज्यांना मी खोटे बोलल्याबद्दल बाकावर उभे केले, त्या आपापल्या स्वयंपाकघरात हसतील. खंडेरावचा कागद सोपा आहे. शिवाय मी ओट्याचा तोटा दुसऱ्या रीतीने भरून देऊ शकते. दरमहा तीन रुपये देईन. असे काल दिवसभर मनात घोळवले आणि संध्याकाळी लक्षात आले, की हेही मी तिला न विचारता ठरवते आहे.

तिची क्षमा मागितलेली नाही. दोनदा मागच्या दारापर्यंत गेले. एकदा विचारले, "मीठ आहे का?" माझ्या घरचे मीठ.

सोमवार, १६ सप्टेंबर

आज अमिना पेटीतल्या बांगड्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळत होती. एक एक डझन.

"हे काय?"

"नामपूरला जाते बाई. नूरबानो हाय नं तिथं, माझी बहीन. तिकडं कांद्याच्या बाजारात निवडायला बाया लागतात. सव्वीसला गाडी हाय मालाची, तीत बसवून नेतो म्हनला गाडीवाला."

"बांगड्या भरणारा हात कांदे निवडणार?"

"हातच हाय, बाई. काय बी करतो."

मग मी उंबऱ्यावर बसले. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी नऊ वर्षांत कधी बसले नव्हते. म्हटले, कादरने सांगितले. बाटलीचे, साखरेचे, ओट्याचे. म्हटले, मी तुला चोर म्हणाले ते.

"तुमी चोर नाय म्हनल्या. 'कुठं जातं' म्हनल्या."

"तू मला सोडवू नकोस. सांगायचं का नाहीस तेव्हाच?"

ती चिंधीला गाठ मारत राहिली. "सांगितलं असतं तर मग तुमी पैसे दिले असते. मोजून. मग मी भाडेकरू झाले असते नं. चार दिसांसाठी आले आन् नऊ वर्सं राहिले, ते तशीच राहिले."

"आणि चिठ्ठी? त्या दिवशी जरा जोर धरून मागितली असतीस..."

"तुमचंच लिवलेलं तुमच्याच चिठ्ठीनं खोटं पडलं असतं. तुमाला कोरटात नेलं असतं. मला काय, टोपली हाय."

मग तिने मला एक सांगितले, ते इथे लिहून ठेवते म्हणजे मला रोज वाचता येईल. मी विचारले, चार जूनला तू इथून निघालीस ती कुठे गेलीस?

"घाटावर. बसले पायरीवर."

"दहा वाजेपर्यंत?"

"घरी जाते असं दावायचं व्हतं नं बाई. मग कुठं तरी जायाला तर पायजे. आन् लगेच परतले असते तर त्यो बाबू असंल अजून."

मंगळवार, १७ सप्टेंबर

सकाळी पत्राचा मसुदा केला आणि अमिनाला वाचून दाखवला. पहिल्यांदा तिने कानांवर हात ठेवले. "नका बाई. लोक हसतील."

"हसू देत. एकतीस वर्षं मी कोणाला हसू दिलं नव्हतं, त्यांची उधारी आहे."

"आन् दंड?"

"दुपारचा चहा आधीच बंद आहे. सकाळचा बंद करीन. तू बैस गप्प आणि तारीख बरोबर आहे का सांग. मी लिहिलंय, सत्तावीस सालापासून राहते."

"सव्वीस. श्रावन व्हता. तुमी मला पयल्या दिशी म्हनल्या, पाय पुसून ये."

सव्वीस केले. ती अजून बांगड्या सोडायला तयार नाही. म्हणते, उत्तर येऊ द्या, तोवर बांधलेल्या राहू देत. बरोबर आहे तिचे. माझ्या शब्दावर तिने पेटी का उघडावी?

बुधवार, १८ सप्टेंबर १९३५

पत्र आज अकरा वाजता स्वतः कचेरीत देऊन पोच घेतली. खंडेरावने वाचले, शिक्का मारला, आणि उठून उभा राहिला. मी त्याला बसायला सांगितले. नक्कल इथे उतरवून ठेवते.

मुख्य अधिकारी, पट्टी कचेरी, यांस,

मंगळवार ता. ४ जून १९३५ रोजी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आपला कारकून माझे घर मोजण्यास आला असता, "मागच्या खोलीत कोणी राहते काय" या प्रश्नास मी "कोणी राहत नाही" असे उत्तर दिले व खाली सही केली. ते उत्तर खोटे होते, आणि देताना ते खोटे आहे हे मला ठाऊक होते. त्याआधी तीन वर्षे "भाड्याने दिलेली नाही" असे लिहून मी जी सूट घेतली, ती शब्द खरे ठेवून केलेली लबाडी होती. आपल्या कारकुनाने विचारण्यात कसूर केलेली नाही.

खरी हकीकत अशी की, बांगड्यांचा धंदा करणारी अमिना ही बाई श्रावण १९२६ पासून आजपर्यंत अखंड सदर खोलीत राहत आहे. ती माझी पाणी भरणारी नव्हे. ती भाडे देत नाही असे मी समजत होते, तीही माझी चूक होती. कशी, ते या कचेरीने विचारण्याचे कारण नाही.

माझ्या खोट्या सहीमुळे तिचा बाजारातील कोपऱ्यावरचा ओटा जुलैपासून गेला आहे. अपराध माझा असून दंड ती भरते आहे, हे कोणत्याही कायद्यात बसत असेल तर तो कायदा मला दाखवावा.

तरी, तीन वर्षांची सूट व होईल तो दंड माझ्याकडून वसूल करावा. कपात किंवा दया मी मागत नाही. नवी घरपट्टी मात्र अवाजवी आहे, तिच्याबद्दल मी स्वतंत्र अर्ज करून भांडणार आहे, या दोन गोष्टी कृपया एकत्र करू नयेत. खटला भरावयाचा असल्यास भरावा, मी घरीच असते. आणि सदर ओटा अमिनाच्या नावे, वास्तव्याची तारीख श्रावण १९२६ धरून, कायम करावा.

या पत्राचे लेखी उत्तर, सही व शिक्क्यासह, शुक्रवार ता. २७ सप्टेंबर १९३५ रोजी संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी मागच्या खोलीच्या पत्त्यावर, अमिनाच्या नावाने पोचले पाहिजे. ओटा अठ्ठावीसला वाटला जाणार आहे, आणि ती सव्वीसला गाव सोडणार होती, तिला मी एक दिवस थांबवून धरले आहे. तोंडी निरोप चालणार नाही. तोंडी उत्तर किती सहज देता येते, ते मला ठाऊक आहे.

रिबका भिका साळवे